भावाच्या गळ्यासाठी

कताल्दोला डुकरानं चावलं, असं दक्षिण इटलीतल्या कोरातो गावात सगळ्यांना सांगण्यात आलं. आवाज टिकावा म्हणून मुलाला खच्ची करण्याला कायद्यानं बंदी होती आणि चर्चच्या लेखी ते पाप होतं, त्यामुळे अशी मुलं नेहमी कुठल्या तरी डुकरानं चावलेली नाहीतर गाढवावरून पडलेली असत. गावाला सगळं ठाऊक असे. विहिरीवर विषय निघालाच तर एखादी बाई "बिचारा, डुकरानं चावलं" म्हणे आणि घागर उचलून चालू लागे.

कोसिमो स्कारांजेल्लाच्या घरात डुक्कर कधी नव्हतंच. कोसिमो ऑलिव्हच्या घाण्यावर राबणारा माणूस. बायको धाकट्याच्या बाळंतपणात गेलेली, पदरात दोन मुलगे. थोरला वितांतोनियो, घरचा तोनिनो, याला गावच्या पाद्र्यांनी, फादर लिबोरियोंनी, लहानपणीच नेपल्सच्या एका संगीतशाळेत नेऊन घातलं होतं. पोरकी आणि गरीब मुलं तिथं वाढत, वाजवायला आणि स्वररचना करायला शिकत. धाकटा कताल्दो बापापाशी राहिला होता. तो चर्चमध्ये गायला लागला की मागच्या बाकांवर कुजबुजणाऱ्या म्हाताऱ्या गप्प होत. त्याच्या गळ्यात काय होतं ते फादर लिबोरियोंनी ओळखलं आणि एक दिवस घाण्यावर येऊन कोसिमोच्या कानावर घातलं, की पोर मोठं झालं की हा आवाज फुटेल, जाईल. टिकवायचा तर एकच उपाय आहे, आणि तो आत्ताच करायला हवा.

कोसिमोनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ईस्टरला थोरला घरी येईपर्यंत थांबू, एवढंच बोलला.

तोनिनो आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. शाळेचा निळा झगा अंगात, बोलण्यात नेपल्सचा हेल. बापानं त्याला घाण्यामागे नेलं. "तू तिथं असतोस. अशी पोरं बघतोस. तूच सांग."

तोनिनोनं सांगितलं. शाळेत ती मुलं वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्या खोलीत शेगडी असते. सकाळी त्यांना अंडं मिळतं, थंडीत कोंबडीचा रस्सा मिळतो. आम्ही बाकीचे एकाच दालनात झोपतो आणि तिथंच सगळे एकदम वाजवत बसतो. बोटं गारठतात, कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी त्यांच्यातला एक लिस्बनच्या राजाकडे गेला, त्याला न्यायला बग्गी आली होती. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ज्यांना बग्गी आली नाही त्यांचं पुढे काय झालं, हे तोनिनोला माहीत नव्हतं, आणि ते विचारावं असं त्याला कधी सुचलंही नव्हतं.

"मग त्याला तूच विचार," कोसिमो म्हणाला. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

गावाबाहेरच्या बदामाच्या झाडांखाली तोनिनोनं धाकट्याला समजावलं. कताल्दोनं सगळं ऐकून घेतलं, मग दुखेल का म्हणून विचारलं. थोडं दुखेल, तोनिनो म्हणाला. "आणि मग मी तुझ्याकडे राहीन?" "माझ्याचकडे." "मग चालेल," कताल्दो म्हणाला, आणि खाली गळलेले कोवळे हिरवे बदाम खिशात भरू लागला.

असली कापाकापी करणारा न्हावी शेजारच्या गावचा होता. पोराला गरम पाण्यात बसवलं, कसलंसं कडू औषध पाजलं. हात धरायला कुणीतरी हवं होतं. बाप घराबाहेर उभा होता, म्हणून हात तोनिनोनं धरले. कताल्दो ओरडला नाही. डोळे मिटेपर्यंत भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

नेपल्समधली पुढची वर्षं मात्र वाईट गेली नाहीत. कताल्दो वरच्या मजल्यावर राहिला, पण रोज सकाळचं निम्मं अंडं बाहीत लपवून खाली आणी आणि भाऊ ते खाऊन संपवेपर्यंत समोर उभा राही. तोनिनो त्याच्यासाठी लिहू लागला. आधी छोटी स्तोत्रं, मग मोठी गाणी. भावाचा श्वास कुठं संपतो, कुठला सूर तो हसत लावतो, कुठल्या सुराआधी तो किंचित थांबतो, हे तोनिनोला स्वतःच्या हाताच्या रेषांसारखं पाठ झालं. शाळेतले मास्तर म्हणत, हा पोरगा कागदावर नाही, भावाच्या गळ्यात लिहितो. ते कौतुकानं म्हणत. तोनिनोही ते कौतुक म्हणूनच घेई.

त्यांचा पहिला ऑपेरा रोमला झाला, कार्निव्हलच्या दिवसांत. रोमच्या रंगभूमीवर बायकांना बंदी असल्यामुळे राणीचं काम कताल्दोकडे होतं. रोममध्ये पुढच्या बाकांवर तरुण पाद्री हातात मेणबत्ती घेऊन बसतात आणि एकेक सूर पारखून घेतात. आवडलं नाही तर मेणबत्ती फुंकतात, शिट्ट्या मारतात. त्या रात्री एकही मेणबत्ती विझली नाही. दुसऱ्या अंकात राणी आपल्या मेलेल्या मुलाला हाक मारते ते गाणं लोकांनी पुन्हा मागितलं, आणि मग पुन्हा एकदा. वाजंत्र्यांमध्ये बसलेल्या तोनिनोला समोरचं दिसेना, इतके डोळे भरून आले. बाहेर लोकांनी भावाला खांद्यावर घेतलं. कताल्दो गर्दीच्या डोक्यावरून ओरडून विचारत होता, "तोनिनो कुठाय? तो मागं राहिलाय!"

हे सुख दोन-तीन वर्षं टिकलं. मग कताल्दोच्या वरच्या सुरांना चीर पडू लागली.

असं होतं. न्हाव्याच्या हातात फक्त कापणं असतं; पुढे आवाज राहील की नाही हे त्याला सांगता येत नाही, आणि पुष्कळांचा राहत नाही. तोनिनोला ते सगळ्यांच्या आधी ऐकू आलं. त्यानं नव्या ऑपेरातली गाणी खाली उतरवली. जिथं लांब सूर हवा तिथं छोट्या छोट्या ताना घातल्या, म्हणजे कुठल्याच सुरावर फार वेळ उभं राहायला नको. जिथं वर जाणं टळत नव्हतं तिथं ओबो, म्हणजे सनईसारखं वाद्य, वाजवणाऱ्याला नेमका तोच सूर दिला. एखादा सुतार किडक्या तुळईला आतून पट्टी मारतो आणि वरून रंग देतो, तसं त्याचं चाललं होतं.

तालमीत कताल्दोनं कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"ओबो माझ्या डोक्यावर का बसवलास?"

"रंगत येते."

"रंगत येते," कताल्दो म्हणाला, आणि गाऊ लागला.

रोमच्या त्या पुढच्या पाद्र्यांपासून ओबोआड काही लपवता येत नाही. पहिल्या अंकात मेणबत्त्या एकेक करून विझल्या. दुसऱ्या अंकात, ओबोसुद्धा जिथं पोचू शकला नाही अशा एका सुरावर कताल्दोचा आवाज चिरला, आणि अंधारातून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "अरे, याला परत त्या डुकराकडे सोडा." सगळं थिएटर हसलं. हसणं थांबेपर्यंत कताल्दो राणीच्या वेषात, डोक्यावर पिसांचा मुकुट घेऊन उभा राहिला. मग त्यानं उरलेलं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

नेपल्सला परतल्यावर एका थिएटरच्या मालकानं तोनिनोला बोलावून घेतलं. मिठ्ठास बोलणारा, अंगापिंडानं जाडजूड माणूस होता. त्याला नवा ऑपेरा हवा होता आणि रोममधलं ते मेलेल्या मुलाला हाक मारण्याचं गाणंही त्यात हवं होतं. पण गाणारा बोलोन्याकडचा एक तरुण असणार होता. "मायेस्त्रो, तुमचं संगीत मला हवंय," तो म्हणाला. "तुमच्या बंधुराजांना विश्रांती घेऊ द्या."

तोनिनोनं विचार करायला वेळ मागून घेतला, पण विचार तिथंच झालेला होता. घरी येऊन त्यानं भावाला सांगितलं. वादळ होईल अशी त्याची अपेक्षा होती. कताल्दो कांदा चिरत होता, चिरतच राहिला.

बोलोन्याच्या तरुणाचा आवाज चांदीसारखा होता, पण ते गाणं त्याला उलगडेना. त्याची छाती वेगळी, दम वेगळा. प्रत्येक ओळ भलत्याच जागी तुटे. तोनिनोनं सांगून पाहिलं, वाजवून दाखवलं. शेवटी तालमीत मागं बसलेला कताल्दोच उठून त्या तरुणाजवळ गेला. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून कुठं थांबायचं, कुठं श्वास चोरायचा, ते त्यानं एकेक ओळ घेऊन शिकवलं. स्वतः एकही सूर लावला नाही. नुसते ओठ हलवून दाखवले. तोनिनो वाद्यावर मान खाली घालून बसला होता.

ऑपेरा गाजला. कताल्दो पाहायला गेला नाही. सकाळी पाव खाताना त्यानं एवढंच विचारलं, "श्वास कुठं घेतला त्यानं?"

"तू दाखवलास तिथंच."

"मग बरं झालं असेल," कताल्दो म्हणाला.

पुढे त्याला बंदराजवळच्या एका चर्चच्या गायकवृंदात जागा मिळाली, मागच्या रांगेत, जिथं एक गळा कमी-जास्त झाला तरी कळत नाही. त्याचं अंग अशा माणसांचं सुटतं तसं सुटलं, हातपाय लांबच लांब झाले. रस्त्यातली पोरं मागून कोंबड्यासारखी आरवत. दोघे भाऊ ज्या माडीवर राहत तिच्या खाली हातमोजे शिवणारी कार्मोझिना राहायची. नवरा समुद्रात बुडालेला, जिभेची तिखट. आरवणाऱ्या पोरांवर ती भांड्यांचं पाणी फेकी. कताल्दो तिच्या दारात बसून कातडं ताणून धरायचा, ती शिवायची. ती त्याला "माझा लांबोडा" म्हणायची आणि तो हसायचा. रोमनंतर तो हसलेला तोनिनोनं तिथंच पाहिला.

मग एक दिवस कताल्दोनं सांगितलं, की त्यांना लग्न करायचंय.

अशा माणसांच्या लग्नाला चर्चची मनाई होती. पण आर्चबिशपांच्या कचेरीत अर्ज केला तर कधी कधी सूट मिळते असं कुणी कुणी म्हणे, आणि तोनिनोचं नाव अजून नेपल्समध्ये लोकांना माहीत होतं. दोघे भाऊ चांगले कपडे घालून गेले. कचेरीतले पाद्री वयस्क होते, थकलेले, पण दुष्ट नव्हते. त्यांनी खुर्च्या दिल्या. लग्न मुलाबाळांसाठी असतं, इथं तो प्रश्नच येत नाही, हे त्यांनी हळुवार समजावलं. मग म्हणाले, एक वाट मात्र आहे. मुलावर कुणी बळजबरीनं अन्याय केला असं सिद्ध झालं, आणि करणाऱ्यांनी ते कबूल केलं, तर वर रोमला लिहिता येईल. करणाऱ्यांना शिक्षा होईल, त्यांना चर्चची दारं बंद होतील, पण या बिचाऱ्याची बाजू भक्कम होईल.

"हे कसं घडलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही वडीलभाऊ. तुम्हाला माहीत असेल."

तोनिनोच्या डोळ्यांसमोर बाप आला, घाण्यावर वाकलेला, आता जवळजवळ आंधळा झालेला. फादर लिबोरियो आले. स्वतःची चर्चमधली नोकरी आली. त्या वर्षी तो एका चर्चचा संगीतप्रमुख झाला होता. बाजूला कताल्दो बसला होता. तो भावाकडे बघत नव्हता, गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत होता.

"डुकरानं चावलं," तोनिनो म्हणाला.

पाद्र्यांनी मान डोलावली. हे त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असणार. कताल्दो उठला, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि दार उघडून बाहेर पडला. दोघे घरी आले. दारात उभ्या असलेल्या कार्मोझिनानं तोंडं बघूनच ओळखलं. ती आत गेली आणि शिवायला बसली.

वर्षभर तिनं वाट पाहिली, कसली ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तोर्रे देल ग्रेको गावच्या एका दोर वळणाऱ्या विधुराशी तिनं लग्न केलं. जाण्याच्या दिवशी ती माडीवर आली आणि कताल्दोच्या मापाचे हातमोजे टेबलावर ठेवले. एवढे लांब हात तिनं दुसऱ्या कुणाचे पाहिले नव्हते. "घालत जा रे लांबोड्या," ती म्हणाली. तोनिनोकडे तिनं पाहिलं नाही.

तोनिनोचं पुढे काय झालं ते चटकन सांगता येण्यासारखं आहे. त्यानं आणखी ऑपेरा लिहिले. प्रत्येकात गाणारे वेगळे होते, आणि प्रत्येक ओळ मात्र एकाच माणसाच्या छातीच्या मापानं बेतलेली होती. गाणारे कुरकुरत, मायेस्त्रोंच्या गाण्यात दमच पुरत नाही. त्यानं बदलायचा पुष्कळ प्रयत्न केला. जे बदलून लिहिलं त्यात जीव नव्हता, आणि हे कळण्याइतका तो हुशार होता. नवे लोक आले, नव्या चाली आल्या. थिएटरवाल्यांची बोलावणी थांबली. त्याच्याकडे चर्चची नोकरी राहिली आणि शिकवण्या राहिल्या.

पन्नाशीच्या आसपास, ईस्टरच्या आधीच्या उपवासांच्या दिवसांत, त्याला वाटलं की अजून एक गोष्ट करता येईल. कताल्दोच्या गळ्यात अजूनही मधल्या भागातले चार-पाच सूर शाबूत होते. भांडी घासताना तो नकळत गुणगुणायचा तेव्हा तोनिनोला ते भिंतीआडून ऐकू येत. उबदार, जुन्या लाकडासारखे. तोनिनोनं तेवढ्याच सुरांत क्षमायाचनेचं स्तोत्र बांधलं. वर जायचं नाही, खाली जायचं नाही. सोबतीला दोनच तंतुवाद्यं, आणि तीही गाणारा थांबेल तिथंच बोलणारी. इतकं साधं त्यानं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही नाही. लिहून झालं तेव्हा त्यानं ठरवलं. उपवासांच्या शेवटच्या, पवित्र आठवड्यात आपल्याच चर्चमध्ये ते म्हणायचं, एकट्या कताल्दोनं, पुढे उभं राहून.

त्यानं कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले. कताल्दोनं हात पुसले, बसला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना त्याचा श्वास नेमका लिहिल्याप्रमाणे चालला होता. तोनिनोला ते समोरून दिसत होतं.

"चांगलं आहे," कताल्दो म्हणाला. "फार चांगलं आहे." मग कागद सारखे करून त्यानं भावाकडे सरकवले. "मला नको."

"तुझ्यासाठीच आहे. दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही."

"माहितेय. तोनिनो, तू माझ्यासाठी आयुष्यभर लिहिलंस. कधी मला विचारलंस, की मला गायचंय का?"

तोनिनोनं कागदांवर हात ठेवला. मग म्हणाला, "विचारलं होतं. एकदा."

"मी नऊ वर्षांचा होतो," कताल्दो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तोनिनोला काहीतरी बोलता आलं असतं. कताल्दो उठला, चुलीवरचं उतरवलं, दोघांना वाढलं. ईस्टर झाल्यावर बाप आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा त्यानं आपलं गाठोडं बांधलं आणि कोरातोला गेला. बाप त्याच वर्षी वारला. कताल्दो परत आला नाही.

तोनिनो कोरातोला जायचं म्हणत राहिला. कधी चर्चचं काम निघे, कधी रस्ते खराब असत, कधी पाय दुखत. खरं म्हणजे त्याला तिथं जाऊन काय बोलायचं ते कळत नव्हतं. अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, ऑलिव्हचा हंगाम ऐन भरात असताना, गावचा एक गाडीवाला सांगत आला की कताल्दोला छातीचा ताप भरलाय, निघा. तो निघाला. पोचला तेव्हा पुरून चार दिवस झाले होते.

घर आवरलेलं होतं. शेजारची पोर्झिया, घाण्यावर कताल्दोच्या जोडीनं काम करणारी म्हातारी, हिनं चूल पेटवली, वाटलेले वाल आणि कडू पाला गरम केला आणि त्याच्यापुढे ठेवला. ती बोलकी होती. कताल्दो कामाला वाघ होता, म्हणाली. पहिली पहिली पोरं हसायची, मग सवय झाली. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

तोनिनोनं विचारलं, चर्चमध्ये गायचा का?

"गायचा?" पोर्झियाला प्रश्नच कळला नाही. "तो? छे हो. बाकीचे गायचे तेव्हा हा तोंड मिटून उभा असायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, अरे, देवासाठी तरी तोंड उघड. तर नुसता हसला." तिनं पावाचा तुकडा मोडून त्याच्यापुढे केला. "त्याला गाता येत होतं का?"

"येत होतं," तोनिनो म्हणाला.

"आम्हाला काय ठाऊक." ती चुलीत काटक्या सारत राहिली. "तुमचं मात्र सांगायचा हं. भाऊ नेपल्सला असतो, संगीत लिहितो म्हणायचा. मी विचारलं, कुणासाठी लिहितो रे? म्हणाला, आता कुणासाठी लिहितो ते माहीत नाही."

तोनिनोनं चमचा खाली ठेवला. पोर्झियाला वाटलं त्याला जेवण आवडलं नाही, म्हणून तिनं वर आणखी तेल सोडलं, नव्या हंगामातलं, आणि खाऊन घ्या म्हणाली, गार होईल. त्यानं खाल्लं. मग ती त्याला दफनभूमीत घेऊन गेली. गरिबांच्या कोपऱ्यातली माती अजून ओली होती आणि तिच्यावर नाव नव्हतं. फादर लिबोरियोंच्या जागी आलेल्या तरुण पाद्र्यानं नम्रपणे विचारलं, मायेस्त्रो आलेच आहेत तर भावाच्या आत्म्यासाठी होणाऱ्या प्रार्थनेत ऑर्गन वाजवतील का? तोनिनो ऑर्गनपाशी जाऊन बसला. भाता हलवणारा माणूस भाता हलवत राहिला, वारा आत भरत राहिला, आणि तोनिनोचे हात पट्ट्यांवर पडून राहिले. काय वाजवावं ते त्याला सुचेना. त्याला जे जे येत होतं त्यात श्वास घ्यायच्या जागा होत्या, आणि त्या सगळ्या कताल्दोच्या होत्या. शेवटी पाद्र्यानं खाकरून वाद्याशिवायच प्रार्थना सुरू केली.

दुसऱ्या दिवशी तो नेपल्सला परतला. त्यानंतर तो दहाएक वर्षं जगला, मुलांना खर्जाचे सूर आणि त्यावरचे मेळ शिकवत. चांगला मास्तर होता असं त्याचे विद्यार्थी सांगतात, मारायचा नाही. स्वतः मात्र त्यानं पुन्हा एक ओळ लिहिली नाही. कुणी त्याबद्दल विचारलं, की हात दुखतो म्हणायचा.